आईच्या आंब्याच्या सहा काड्या

३ जून

ठमे,

तुझं पत्र परवा मिळालं. घर झालं, अंगण झालं, अंगणाला फाटकही बसलं, वाचून फार बरं वाटलं. बावीस वर्षं इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये काढलीस, आता स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप. तुझ्या वहिनीने पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "आपल्याला बोलावलंय का यात कुठे?" मी म्हटलं, फोनवर असती तर बोलावलं असतं. पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं म्हणून तूच हा पत्रांचा कायदा केलास. आता पुढच्या पत्राची वाट बघायची.

तुझ्या मागणीबद्दल. तू कोयी पेरून चार रोपं वाढवलीस, ती पेन्सिलीएवढी जाड झाली, आता त्यांच्यावर आईच्या आंब्याचं कलम बांधायचं आहे आणि त्यासाठी माझ्या गच्चीवरच्या झाडाच्या सहा काड्या हव्यात, हे सगळं समजलं. आईचं झाड राहिलं नाही, कोयीतून तसाच आंबा उतरत नाही, तेव्हा आईचा आंबा म्हणून या जगात जे काही उरलंय ते माझ्या गच्चीवरच्या पिंपात आहे, हे तू त्या पत्रात तीनदा लिहिलं आहेस. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

झाड ठणठणीत आहे. माझ्या डोक्याच्या वर गेलं. पण सध्या त्याला सगळीकडे कोवळी पालवी आहे, अशी लुसलुशीत काडी जोडाला धरत नाही. घाई करू नकोस. सहा वर्षं थांबलीस, अजून थोडं थांब.

दुकान चालू आहे. परवा एकाच दिवशी पाण्याच्या तीन मोटरी जळून आल्या. लोक कोरड्या टाकीवर मोटर सोडून झोपतात आणि मग मला विचारतात, वाइंडिंग इतक्यात कसं गेलं?

तुझा,
दादा

१९ जून

ठमे,

उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आणि पत्र कसलं, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरच्या हातात देतात तसा कागद आहे तो. कोवळी पालवी सोडून मागच्या हंगामाची काडी बघ. काडी तोडायच्या आठ दिवस आधी तिची पानं काप, देठ ठेव, म्हणजे डोळे फुगतात. ओल्या कागदात गुंडाळ, वर प्लास्टिक, त्याच दिवशी टपालात. नर्सबाई, मी मोटरी बांधतो, मूर्ख नाही.

पण एवढ्या लांब टपालाने काड्या जिवंत पोचतील याची खात्री काय? चार-पाच दिवस तर लागतातच. वाटेत वाळल्या तर तू मलाच बोलणार. शिवाय तुझ्या वहिनीचा गुडघा धरलाय, गच्चीचा जिना तिला होत नाही, आणि मला दुकानातून वेळ नाही. पुढच्या वर्षी मीच घेऊन येतो हातोहात, तेव्हा घरही बघणं होईल.

तू फोटो मागितलास तो सोबत आहे. मी मुद्दाम झाडाशेजारी उभा राहिलोय, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. जोडाची जागा नीट दिसेल असा फोटो हवा होता असं तू लिहिलंयस, पण ती जागा खाली पिंपाच्या कडेजवळ येते आणि तिथे उजेड नसतो. जोड काय बघायचा, झाड बघ.

आणि हे "तू नेहमी काहीतरी कारण काढतोस" वगैरे लिहायची गरज नव्हती. आईच्या आजारपणात मी कारणं काढली नाहीत.

शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, पण आता शाईने लिहिलं गेलंय. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशीलच.

दादा

२ जुलै

ठमे,

मागचं पत्र टाकलं आणि त्यातली कारणं माझी मलाच पटेनात, म्हणून काल सकाळी मी काड्या घेऊन टपाल कचेरीत गेलो होतो. पिशवीत तुझ्या सूचनेप्रमाणे बांधलेलं पुडकं होतं. सहा काड्या, आठ दिवस आधी पानं कापलेल्या, डोळे चांगले फुगलेले. ओला कागद, प्लास्टिक, वर पुठ्ठा. पत्ता मोठ्या अक्षरात. रांगेत माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी एक कागद सरकवला आणि म्हणाल्या, "आत काय आहे ते लिहा."

मी पेन उघडलं. लिहिता येईना. बाई म्हणाल्या, "काका, स्फोटक नाहीये ना काही? मग लिहा की! मागे लोक थांबलेत." मी पुडकं उचललं आणि घरी आलो.

त्या काड्या आईच्या आंब्याच्या नाहीत, ठमे.

आता सगळं सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहायचा नाही. सहा वर्षांपूर्वी तू आईच्या झाडाची काडी आणून रायवळ कोयीच्या रोपावर बांधलीस. ब्लेड तुझं, हात तुझा, मी फक्त पिंप धरलं होतं. जाताना बसच्या खिडकीतून तू मला बजावलंस, "चार महिन्यांनी पट्टी सोड. विसरू नकोस, नाहीतर गळफास बसेल." आपलं आधीच आईचं घर विकण्यावरून बिनसलेलं होतं. मी म्हणालो, "तीस वर्षं टेप मारतोय, तू मला टेप शिकवू नकोस." तू खिडकीची काच ओढून घेतलीस.

चार महिन्यांनी मी बघायला गेलो तर तुझी पट्टी एका बाजूने सुटत आली होती. माझ्या मनात आलं, पोरीने जोड ढिला बांधलाय. आमच्या धंद्यात सुटा जोड म्हणजे जळलेली मोटर. मी दुकानातून पांढरी सुती पट्टी आणली, तुझ्या पट्टीवरून ओढून ओढून तीन वेढे घातले, आणि पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरून काळी टेप मारली. इतकं सफाईदार काम झालं होतं की तुझ्या वहिनीला वर बोलावून दाखवलं. वॉर्निशचा एक हात मारायचा मोहही झाला होता, तो आवरला. माझ्या हातचा जोड आजवर सुटलेला नाही. तोही सुटला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळला. आधी शेंडा, मग पानं, मग सगळी काडी. मी रोज दोनदा पाणी घालत होतो. मग एक दिवस खालून तीन फुटवे आले, लालसर, टवटवीत. मी वेड्यासारखा खूश झालो. जीव धरला म्हटलं! त्याच दिवशी तुला पत्र टाकलं आणि फोटोही पाठवला. महिनाभराने रोपवाटिकेतला कलमवाला खत द्यायला आला होता. त्याने खाली बसून बोटाने दाखवलं. "साहेब, तुमचं कलम इथं वर होतं, ते गेलं. हे जोडाच्या खालून आलंय. हा नुसता खुंट आहे, रानटी." मग ती टेप सोडली. खालचं खोड मनगटासारखं फुगलेलं आणि टेपच्या जागी खोल खाच. तू म्हणाली होतीस तसाच गळफास.

तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तुझं उत्तर आलं होतं, आपण भांडल्यापासूनचं पहिलं. "दादा, तू जगवलंस" असं लिहिलं होतंस. मग मी दरवर्षी फोटो पाठवत गेलो आणि तू दरवर्षी पत्र पाठवत गेलीस. गेल्या साली त्याला चार फळं धरली, तेव्हा मी लिहिलं, अगदी आईच्या झाडाचीच चव. ते वाचून तू ड्युटीवर रडलीस म्हणून लिहिलंस. ते आंबे इतके आंबट होते की तुझ्या वहिनीने एका फोडीनंतर ताटली सरकवली.

मी काल त्या काड्या पाठवल्या असत्या तर तू त्या तुझ्या अंगणात बांधल्या असत्यास, पाच वर्षं पाणी घातलं असतंस आणि मग आंबट फळ खाऊन स्वतःलाच दोष दिला असतास. तिथवर मी गेलो होतो. रांगेत उभा होतो.

दुसऱ्या काड्या आणाव्यात म्हटलं तर मूळ झाड कुठे आहे? ते घर लॉण्ड्रीवाल्याला विकलं आणि त्याला कपडे वाळत घालायला ऊन हवं होतं. ते तुला ठाऊकच आहे.

काय बोलायचं ते बोल. फोनवर बोललीस तरी चालेल.

दादा

१७ जुलै

ठमे,

तुझं पत्र आलं. दुकानात उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं. मला वाटलं होतं चार ओळी असतील आणि शेवटी सहीसुद्धा नसेल. तू तर पहिल्या ओळीपासून हसते आहेस. "जगात कलमाला इन्सुलेशन करणारा माझा एकटाच भाऊ असेल." वहिनीला वाचून दाखवलं, तीही हसली. सहा वर्षांत मी त्या टेपवर एकदाही हसलो नव्हतो.

पुढे तू लिहितेस की चूक तुझीही आहे. खिडकीची काच ओढून न घेता नीट सांगितलं असतं तर दादाने ऐकलं असतं. नसतं ऐकलं. पण लिहिलंस, ते राहू दे.

तू लिहितेस, "तुझ्या हातून रोप गेलं, ते अजाणता. ज्याने आईचं उभं झाड कपडे वाळवायला तोडलं त्याला मी माफ करणार नाही. तू उगाच ओझं घेऊन बसलास." आणि नऊ ऑगस्टच्या सकाळच्या बसने तू येते आहेस, चार दिवस राहणार आहेस, आणि एकदा त्या लॉण्ड्रीवाल्याच्या दारात जाऊन त्याला विचारणार आहेस की तुझे चार सदरे आमच्या आईच्या झाडापेक्षा मोठे होते का.

ये. जरूर ये. वहिनीने आत्तापासून वरची खोली झाडायला घेतली, गुडघ्याचं नावसुद्धा नाही.

पण त्यांच्या दारात कशाला जायचं? सहा वर्षं झाली. विकलेल्या घरावर आपला काय हक्क? ती साधी माणसं आहेत, दिवसभर इस्त्री करतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. तू बोलायला लागलीस की पट्टा सुटतो, मग त्यांना ओरडशील, मग मला त्या रस्त्याने जायची चोरी. माझं ऐक, तो विषय सोड. आपण घरीच बसू. बोलायला सहा वर्षांचं साठलंय.

तुझा,
दादा

२९ जुलै

ठमे,

तू उत्तरात लिहिलंस, "जाणार म्हणजे जाणार, आणि तूही बरोबर यायचंस." म्हणून आज मी त्यांच्याकडे गेलो होतो. एकटा.

कशाला गेलो तेही सांगतो, लाज सोडून. मी त्यांना विनंती करायला गेलो होतो की माझी बहीण येईल, रागावेल, तर कृपा करून ऐकून घ्या आणि म्हणा, हो, आम्ही तोडलं. एवढंच.

लॉण्ड्रीवाला कपडे पोचवायला बाहेर गेला होता. त्याची बायको इस्त्री करत होती. पुढच्या खोलीत, म्हणजे आई जिथे झोपायची तिथे, दोन टेबलं लावली आहेत. छप्पर तापलेलं, पंखा कपडे उडू नयेत म्हणून बंद. ती घामाने निथळत होती. मी काय म्हणायचं ते म्हटलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"मी म्हणेन, भाऊ. माझं काय जातं, एक बोलणं ऐकून घ्यायचं," ती म्हणाली. "पण घर बघायला आलो तेव्हा तुम्हाला मी दोनदा म्हटलं होतं, हे झाड राहू द्या, इस्त्रीवाल्यांना सावली लागते. तुम्ही हो म्हणालात. आणि चावी घ्यायला आलो तर नुसता बुंधा. तुम्ही का तोडलंत?"

मला हे कुणी विचारलंच नव्हतं. कारण कुणाला माहीतच नव्हतं. वहिनीलाही मी तेच सांगितलं होतं जे तुला सांगितलं.

ठमे, आईचं झाड मी तोडलं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी दोन लाकूडतोडे बोलावले आणि दोर मी धरला.

का, ते तिला सांगितलं, आता तुला सांगतो. आईच्या शेवटच्या वर्षी तिला आंघोळ मी घालत होतो. तिची कूस मी बदलत होतो. वहिनी भरवायची, मी औषध द्यायचो. त्या हंगामात झाडाला भरपूर फळ होतं आणि आई खाटेवरून मला सांगायची, हा काढू नकोस, हा तिच्यासाठी, तो फडताळात ठेव, ती येईल. एकदा मी एक कापून तिच्यापुढे धरला. पहिली फोड तोंडात घालायच्या आधी तिने विचारलं, "तिच्यासाठी ठेवलेस ना?" मी म्हटलं, ठेवले. तू त्या वर्षी आली नाहीस. तुला रजा नव्हती, ते मला ठाऊक आहे, तेव्हाही ठाऊक होतं. फडताळातले आंबे सडले आणि मी ते बादलीत भरून बाहेर टाकले. मग आई म्हणाली, घर तुझं, झाड तिचं. तिने तुलाही तसंच सांगितलं असणार, कारण घर विकायचं निघालं तेव्हा तू पहिलं वाक्य तेच म्हणालीस. "घराचं तुझं तू बघ. झाड माझं आहे."

मला झालेलं सांगायचंय, आईला दोष द्यायचा नाही. ती दिवसभर माझ्याकडेच बघत असायची, माझं नाव घ्यायची तिला गरजच नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मी तिचं सगळं केलं आणि गोड ते तुझ्या वाट्याला.

झाड पडायला सकाळ गेली. दुपारी फांद्या भरून गाडी गेली. आणि मला बरं वाटलं, ठमे. खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत मला बरं वाटत होतं.

मनाची समजूतही तयार होती की तिचं कलम गच्चीवर आहे, तिचं काय नुकसान झालं? मग उन्हाळ्यात ते कलम वाळलं. कलमवाला खुंट दाखवून गेला त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? चला, आईच्या झाडाच्या चार काड्या आणू आणि पुन्हा बांधू. मी चपला घातल्या, जिना उतरलो, रस्त्यावर आलो, वळणापर्यंत गेलो. मग आठवलं.

टेपची चूक ही चूक होती. तिच्यावर तू हसलीस ते योग्यच केलंस. पण तू मला माफ केलंस ते लॉण्ड्रीवाल्याच्या नावावर, आणि ते मला घेता येत नाही. बारा दिवस घेऊन बघितलं.

त्या बाईला मी शेवटी सांगितलं, बहिणीला काही खोटं सांगू नका. ती म्हणाली, "मग माझ्याकडे आलात कशाला? तिला सांगा." आणि पुन्हा इस्त्री उचलली.

हे सगळं तू आल्यावर समोर बसून सांगता आलं असतं. वहिनीचं तेच म्हणणं पडलं. तिला मी आज दुपारी सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त एवढं बोलली. पण तू इथे आल्यावर सांगितलं असतं तर तू माझ्या घरात अडकली असतीस. बॅग उचलून पुढच्या बसपर्यंत कुठे बसली असतीस? म्हणून आत्ताच लिहितोय आणि आत्ताच टपालात टाकतोय. पाच दिवस धरले तरी तू निघायच्या आधी तुझ्या हातात पडेल. यायचं की नाही हे तुझ्या स्वतःच्या घरात बसून ठरव.

तुला द्यायला माझ्याकडे आईच्या आंब्याची एक काडीही नाही. कुठेच नाही. मी विचारून बघितलं, आईने फळं ज्यांना ज्यांना दिली त्या सगळ्यांना. कुणी कोयी पेरल्या असतील, कलम कुणी बांधलं नव्हतं. ते झाड एकच होतं.

येणार नसलीस तर तसं कळवायची तसदी घेऊ नकोस. फोनही करू नकोस. नऊ तारखेला सकाळी मी बसस्टॅण्डवर येऊन उभा राहणार आहे, आणि बस रिकामी होईपर्यंत थांबणार आहे.

दादा